मार्च अखेर आणि मे अखेर

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तीस वर्षं नोकरी केली. जितकं शिकवलं, जवळजवळ तितकंच मोजलं. जनगणना, मतदार याद्या, शाळाबाह्य मुलं, दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं, शौचालयं. गावात काहीही मोजायचं निघालं की फॉर्मचा गठ्ठा गुरुजींच्या टेबलावर येतो. त्यामुळे एखादं काम खरोखर साधलं की नुसतंच पार पडलं, हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. तो मला रकाने भरताना भेटला.

२०१६ चा एप्रिल होता. अंबाजोगाईच्या डोंगरपट्ट्यातल्या एका वस्तीवर शौचालयांची पाहणी करत होतो. एका घरापुढे नवंकोरं शौचालय, भिंतीवर लाभार्थ्याचं नाव आणि अनुदानाचं वर्ष रंगवलेलं. दार उघडलं तर आत छतापर्यंत कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या, कोपऱ्यात गोवऱ्या. घरची बाई जराही ओशाळली नाही. म्हणाली, "गुरुजी, पहाटं तीनला उठून दोन घागरी पाणी मिळतंय. त्यातली एक ह्याच्यात ओतू का?" माझ्या फॉर्मवर प्रश्न होता, शौचालय आहे का? उत्तराला चौकटी दोनच, होय आणि नाही. मी 'होय'वर खूण केली. फोटो लागणार होता, म्हणून तिनं दार लावून घेतलं, डोक्यावर पदर घेतला आणि समोर उभी राहिली. फोटो छान आला.

त्या फॉर्मवर मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. शौचालय होतंच. बांधकाम पक्कं होतं, अनुदान पूर्ण मिळालं होतं, मधे कुणी पैसा खाल्ला नव्हता. आपल्याकडे योजना फसली की पहिला संशय पैसे खाल्ल्याचा येतो, आणि तो बऱ्याचदा खराही निघतो. पण मला त्याहून जास्त काळजी वाटते ती प्रामाणिकपणे पूर्ण झालेल्या आणि तरीही वाया गेलेल्या कामांची. चोरी झाली असेल तर चोर शोधता येतो. इथे कुणीच चोर नाही. गवंड्यानं चोख काम केलं, ग्रामसेवकानं वेळेत प्रस्ताव पाठवला, मी बरोबर खूण केली, आणि ती बाई दुसऱ्या दिवशीही अंधारातच हागणदारीकडे गेली.

सरकारी कागद विचारतो, काय केलं? ज्याची अडचण आहे तो माणूस विचारतो, काय झालं? माझं म्हणणं एवढंच आहे की जे उद्दिष्ट पहिल्याच प्रश्नावर संपतं, त्याला उद्दिष्ट म्हणू नये. ते कामाचं वेळापत्रक झालं. खरं उद्दिष्ट तेच, जे साधलं की नाही हे ज्याची अडचण आहे त्याला स्वतःला, कुणाच्या अहवालावाचून सांगता येतं. आणि ते अडचणीच्या दिवसात सांगता आलं पाहिजे.

पाण्याचंच बघू, कारण मराठवाड्यात बोलणं कुठूनही सुरू करा, ते शेवटी पाण्यापाशी येऊन थांबतं. डिसेंबर २०१४ मध्ये गावातलं पाणी गावातच अडवून जिरवायचं जलयुक्त शिवार अभियान आलं. 'सर्वांसाठी पाणी, टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९' ही त्याची घोषणा. सुरुवातीचा उत्साह मी जवळून पाहिलाय. लोकांनी डिझेलसाठी वर्गणी काढली, बांधावरून वर्षानुवर्षं भांडलेले भाऊबंद नाल्याच्या कामापुरते एकत्र आले. काही गावांत विहिरींना पाणी वाढलं, हेही खरं. पण सप्टेंबर २०२० मध्ये कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल विधिमंडळात मांडला गेला. ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण होण्यावर आणि भूजल पातळी वाढण्यावर अभियानाचा फारसा परिणाम झाला नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्यावरून जे राजकारण झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एका सरकारनं चौकशी लावली, दुसऱ्यानं अभियानाचा दुसरा टप्पा सुरू केला. वाद सगळा पैसा कुठे मुरला यावर झाला. पाणी का मुरलं नाही, यावर त्या मानानं फार थोडं बोललं गेलं.

पाणलोटाचं शास्त्र सोपं आहे. 'माथा ते पायथा' हे तीन शब्द शेतकऱ्यांनाही पाठ आहेत. आधी डोंगरमाथ्यावर समतल चर, गवत, झाडोरा. मग उतारावरच्या शेतात बांधबंदिस्ती. सगळ्यात शेवटी खाली ओढ्यावर बंधारे. वरचं काम हातानं करायचं, चिकाटीचं आणि दिसायला किरकोळ. चर किती खणले हे फोटोत धड दिसतसुद्धा नाही. खालचं काम पोकलेनचं. आठ-दहा दिवसांत ओढा कालव्यासारखा रुंद होतो, दोन्ही काठांवर मुरमाचे ढीग लागतात, मंत्री येऊन पाहू शकतात. म्हणून गावोगाव उलटं झालं. पायथा आधी, माथा राहून गेला. वर माती धरून ठेवायला काही नाही, त्यामुळे पहिल्याच मोठ्या पावसात वरचा गाळ खालच्या खड्ड्यात. कुठे खोलीकरण मर्यादेच्या खाली गेलं आणि पाणी धरून ठेवणारा थरच उघडा पडला. आपल्या बेसाल्टच्या जमिनीत हे थर एकसारखे नसतात. एका जागी खोल खणलं की शेजारच्या विहिरीतलं पाणी ओढ्याकडे उतरू शकतं. औरंगाबादचे अर्थतज्ज्ञ डॉ. एच. एम. देसरडा यांनी या अशास्त्रीय कामांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, त्यातून माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांची समिती नेमली गेली. म्हणजे इशारा मिळाला नव्हता असं कुणी म्हणू शकत नाही.

मग चांगले शिकलेले अभियंते, कृषी अधिकारी पायथ्यापासून का सुरू झाले? मूर्ख होते म्हणून? मी त्यांच्यातल्या पुष्कळांबरोबर बैठकांना बसलोय. त्यांना माथ्याचं महत्त्व माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण त्यांना दर आठवड्याला व्हिडिओ कॉन्फरन्सवर विचारले जायचे ते खोदाईचे घनमीटर. किती काढलं, किती बाकी, मार्च अखेर निधी खर्ची पडतो की नाही. ३१ मार्चला जो निधी उरेल तो परत जाणार आणि परत गेलेल्या निधीचा ठपका अधिकाऱ्यावर बसणार. अशा वेळी शहाणा माणूसही जिथे घनमीटर पटकन निघतात तिथेच यंत्र लावतो. त्याच अभियंत्याला जर विचारलं असतं की तुमच्या गावच्या विहिरीत येत्या मे महिन्याच्या अखेरीला पाणी किती असेल, तर तो स्वतःहून डोंगर चढला असता. माणसं बदलायची गरज नव्हती. विचारायचा प्रश्न आणि तो विचारायचा महिना, एवढंच बदलायचं होतं.

या अभियानातला एक शब्द मला अजून खटकतो. टीसीएम, म्हणजे हजार घनमीटर. काम झालं की 'साठवण क्षमता' टीसीएममध्ये काढायची. क्षमता म्हणजे खड्ड्याचं माप. पण तालुक्याचा अहवाल जिल्ह्याला आणि जिल्ह्याचा मुंबईला जाईपर्यंत 'क्षमता' हा शब्द गळून पडायचा आणि तितकं 'पाणी' तयार झाल्याचं छापून यायचं. घरात रांजण नवा आणला म्हणून तो भरलेला नसतो, हे कुठल्याही लेकराला कळतं. कागदावर मात्र रांजणाचं माप हेच पाण्याचं माप झालं.

माझ्या चुलतीची मोजायची रीत वेगळी होती. आमच्या वाड्यामागच्या आडाला रहाट होता. दरवर्षी पाडव्याला ती पोहरा पाण्याला टेकेपर्यंत सोडायची आणि रहाटाजवळ दोराला एक चिंधी बांधायची. चिंध्या वेगवेगळ्या रंगांच्या. लाल होती ती बहात्तरच्या दुष्काळाची. दोर झिजून नवा घेतला की हातानं माप घेऊन जुन्या चिंध्या नव्या दोराला त्याच जागी बांधायची. लिहिता-वाचता तिला येत नव्हतं. पण पाडव्याच्या दुपारी ती काकांना सांगायची, "औंदा पाणी लालपासून दोनच हात हाय." मग त्या घरात निर्णय व्हायचे. दारातलं माळवं, म्हणजे भाजीपाला, बंद. म्हातारा बैल बाजार पडण्याआधीच विकायचा. पोरीचं लग्न वैशाखात न धरता पुढे ढकलायचं, कारण पंगतीला पाणी पुरणार नाही. तिच्या मोजण्यातली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मोजलेलं निर्णयात उतरत होतं. आमच्या फॉर्मवरचं मोजलेलं फाइलमध्ये उतरायचं.

सरकारकडे अशी चिंधी नाही असं समजू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. आताची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून तालुकावार किती खाली-वर गेली ते सांगते. टंचाईचा आराखडा त्यावरून करतात, टँकरचा अंदाज बांधतात. पण पाणी अडवण्याचं काम सांगणारे कागद आणि विहिरीची पातळी सांगणारे कागद वेगवेगळ्या कपाटांत. ज्या गावात बंधारे झाले तिथली मेची पातळी काय म्हणते, हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायची सवय कार्यालयांना लागली नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. पाऊसच पडला नाही तर अभियंता काय करणार? निसर्गाच्या लहरीचं खापर माणसाच्या माथी कसं फोडायचं? आक्षेप खरा आहे. म्हणून तर पातळी नुसती सांगून भागत नाही, तितक्याच पावसाच्या आधीच्या वर्षाशी ती ताडावी लागते, काम न झालेल्या शेजारच्या गावाशी ताडावी लागते. माझ्या चुलतीला हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी ती म्हणायची, "पाऊस मागल्याइतकाच झाला, मग चिंधी खाली का गेली?" आणि शोध घेतल्यावर कळायचं की वरच्या अंगाला कुणीतरी नवं बोअर पाडलंय.

बोअरचा विषय निघालाच आहे तर शेततळ्यांचंही सांगतो, कारण उद्दिष्ट शंभर टक्के साधून परिणाम थेट उलटा कसा होतो याचं ते उघड उदाहरण आहे. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली, उद्दिष्ट ५१,५०० शेततळ्यांचं. शेततळ्याची मूळ कल्पना अशी की पावसाचं वाहून जाणारं पाणी शेतातच धरावं आणि पिकाला ऐन ताणाच्या वेळी एखाद-दुसरं पाणी द्यावं. शिवारात काय दिसतं? उंच भरावाचं तळं, आत प्लास्टिकचा कागद, आणि वर विहिरीतून किंवा बोअरमधून येणारा पाइप. पावसाचं पाणी आत यायला वाटच ठेवलेली नसते. जमिनीखाली सावलीत असलेलं, साऱ्या शिवाराचं पाणी उपसून एकाच्या तळ्यात आणि वर मराठवाड्याचं ऊन. फळबाग जगवणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही, त्याच्या डोक्यावर कर्ज आहे. पण ज्या योजनेच्या रकान्यात 'शेततळी : संख्या' एवढंच आहे, तिला पाऊस धरणारं तळं आणि भूजल उपसून उन्हात ठेवणारं तळं यांतला फरक कळणार कसा? दोन्हींची खूण सारखीच.

याच वाटेनं पुढे गेलं की ऊस येतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये, मी ती शौचालयं मोजत होतो त्याच दिवसांत, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. रेल्वेनं आपलं काम केलं, तहान भागवली, त्यासाठी राबलेल्या प्रत्येक माणसाचे उपकार आहेत. पण त्याच वर्षीच्या पावसाळ्यात लातूरला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण भरलं, आणि शिवारात ऊस पुन्हा उभा राहिला. २०१९ मध्ये विभागीय आयुक्तालयानं मराठवाड्यात ऊस लागवडीवर बंदीची शिफारस करणारा अहवाल सरकारला दिला. त्यावर निर्णय काय झाला ते शिवारात फिरणाऱ्याला सांगायला नको. 'पाणी वाढवा' हे उद्दिष्ट सगळ्यांना गोड लागतं, कारण त्यात कुणाला काही सोडावं लागत नाही. 'आहे ते पाणी जूनपर्यंत पुरवा' असं उद्दिष्ट ठेवलं की कुणाला किती, कुठलं पीक, कुणाचं बोअर बंद, हे प्रश्न दारात येतात. आपण ते प्रश्न टाळता येतील असंच उद्दिष्ट निवडतो, आणि मग ते साधल्याचा सत्कारही करतो. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं ठरवलं. तिथे जाऊन आलेल्या आमच्याकडच्या सरपंचांनी बंधाऱ्यांचे फोटो काढून आणले. ताळेबंदाचा फलक क्वचितच कुणाच्या फोटोत होता.

माझ्या या सगळ्या बोलण्यावरून कुणाला वाटेल की सरकारी उद्दिष्टं म्हणजे सगळं पाण्यातच. तसं नाही, आणि त्याचा पुरावाही दुष्काळातलाच आहे. बहात्तरच्या दुष्काळात मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. आमच्या घरातली तीन. खडी फोडून आईच्या तळहाताला पडलेले घट्टे पुढे कितीतरी वर्षं गेले नाहीत. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली रोजगार हमी पुढे १९७७ मध्ये कायदा झाली, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्या कायद्याचं थोरपण मला कशात दिसतं? काम मागा, पंधरा दिवसांत काम द्यावं लागेल, नाही दिलं तर बेकारी भत्ता. उद्दिष्ट साधलं की नाही हे ठरवायला मंत्रालयातला आकडा लागत नव्हता. मजुराला ते स्वतः कळत होतं. आठवडी बाजाराच्या दिवशी हातात मजुरी आहे की नाही, एवढीच परीक्षा. नसेल तर तो तहसीलवर मोर्चा घेऊन जाऊ शकत होता, आणि लोक जातही होते. त्या कामांतले कितीतरी रस्ते पहिल्या पावसात वाहून गेले, पाझर तलाव फुटले, मस्टरवर खोटी नावं चढली, हे सगळं मान्य. तरी माणसं जगवणं हे जे मूळ उद्दिष्ट, त्याची किल्ली भुकेल्या माणसाच्या हातात दिली होती. म्हणून ते पुष्कळ अंशी साधलं.

किल्लारीच्या भूकंपाचंही थोडं आठवावं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. सुमारे आठ हजार माणसं मेली. पुनर्वसनात बावन्न गावं नव्या जागी वसवली, पक्की, रांगेतली, रुंद रस्त्यांची. पुन्हा भूकंप झाला तर घर पडू नये हे उद्दिष्ट होतं आणि ते महत्त्वाचंच होतं. पण माळवदाच्या थंडाव्यात वाढलेल्या माणसांना सिमेंटच्या छताखाली उन्हाळा सोसेना, गोठा आणि चूल कुठे ठेवायची ते कळेना, भावकीची गल्ली चार रांगांत विखुरली. लोकांनी घराला लागून पत्रे टाकले आणि खरा संसार त्या पत्र्याखाली मांडला. त्याच कार्यक्रमात दुसरीकडे दीड लाखांवर घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत केली गेली, मालकाच्या हातानं, त्याच्या देखरेखीखाली. गावोगाव बायकांनी 'संवाद सहायक' म्हणून त्यात काम केलं. तिथे घर कुणाला, कसं हवं हे विचारणारं कुणीतरी गावात होतं.

जालन्याजवळचं कडवंची या बाबतीत मला आधार देतं. नव्वदच्या दशकात विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती सहाय्य मंडळानं इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत रीतसर काम केलं. ओढ्यावर यंत्र लावून दहा दिवसांत उरकलं नाही, वर्षानुवर्षं गावात राहून केलं. दुष्काळी पट्ट्यातलं ते गाव पुढे द्राक्षासाठी ओळखलं जाऊ लागलं. पानी फाउंडेशनची वाटचालही मी लक्षपूर्वक पाहिली. २०१६ मध्ये वॉटर कपची, म्हणजे गावांनी श्रमदानातून पाणी अडवायची, पहिली स्पर्धा तीन तालुक्यांत झाली, त्यात आमचं अंबाजोगाई होतं. श्रमदानाची ती पहाट मी कधी विसरणार नाही. पण मला त्याहून मोठं वाटतं ते त्यांनी नंतर केलं ते. पाणी अडवून झाल्यावरही पाणी पुरत नाही हे पाहिलं, आणि उद्दिष्टच बदललं. पुढच्या स्पर्धेत पाण्याचा ताळेबंद, माती, गवत, पीक आलं, मग गटशेतीचा फार्मर कप आला. स्वतःच्या गाजलेल्या यशाकडे बघून 'हे पुरेसं नाही' म्हणणं सोपं नसतं.

माझ्या स्वतःच्या कामातली एक गोष्ट लपवणार नाही. दरवर्षी एप्रिलमध्ये मी 'अभ्यासक्रम पूर्ण' असं लिहून सही करत आलो. धडे सगळे शिकवून झालेले असत, त्यात खोटं नव्हतं. पुढे मुलांना वाचता येतं का हे गावोगाव तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीचं साहित्य माझ्या हाती आलं. त्यात एक साधा कागद असतो, अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. ते मी माझ्या पाचवीच्या वर्गाला वाचायला दिलं. एक मुलगा, आई-बाप ऊसतोडीला गेले की सहा महिने गायब असणारा, 'पूर्ण' झालेल्या अभ्यासक्रमाच्या शेवटी 'त' आणि 'न' यांत अडखळत उभा होता. त्याची आई दारात होती. तिला वाचता येत नव्हतं, पण आपला पोरगा वाचतोय की अडतोय, हे तिला ऐकूनच कळलं. मला वर्षभर कळलं नव्हतं, कारण मी धडे मोजत होतो. त्या कागदाची ताकद हीच की आईला परीक्षक होता येतं.

आता करायचं काय? कंत्राटदाराचं बिल मेच्या पातळीला बांधा, असा एक उपाय लोक सुचवतात. रस्त्याच्या कामात दोषदायित्वाची मुदत असते, म्हणजे तेवढ्या काळात काम बिघडलं तर जबाबदारी कंत्राटदाराची, आणि तोवर त्याची अनामत अडकून राहते, तसं. मलाही आधी ते पटलं होतं. आता पटत नाही. ज्या आकड्याला पैसा बांधला जातो त्या आकड्याला पैसाच बिघडवतो. निरीक्षण विहिरीत रात्री टँकर ओतणारा माणूस आपल्याकडे सापडायला वेळ लागणार नाही. आकडा पैशाला बांधण्यापेक्षा तो चारचौघांत मोठ्यानं वाचला जावा. ग्रामसभा वर्षात चार ठरलेल्या, त्यातली एक १ मेला, ऐन टंचाईच्या तोंडावर. त्या दिवशी झेंडावंदन झालं की ग्रामसभा बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती होते. तिथेच मागच्या तीन वर्षांत गावात पाण्यावर झालेलं प्रत्येक काम वाचावं, त्याच्या खालच्या विहिरींचं पाणी वाचावं, आणि ते मोजणारी माणसं काम करणाऱ्यांपेक्षा वेगळी असावीत. बायका असाव्यात, पोरं असावीत. पाणी आणायला जाणाऱ्याला पाणी मोजण्याचा पहिला अधिकार आहे.

आमच्या गावात सलग दुसऱ्या वर्षी हे केलं. निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे वेळ आहे, आणि सातवीच्या पोरांना उन्हाची पर्वा नाही. दोराला दगड बांधून त्यांनी अकरा विहिरी मोजल्या, परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या जुन्या मापात, आणि मीटरमध्ये, दोन्ही. ग्रामसभेत एका मुलीनं वही धरून आकडे वाचले. पाऊस गेल्या वर्षीइतकाच होता. सहा विहिरी जवळपास तितक्याच, तीन विहिरींत एका हातानं वाढ, आणि दोन विहिरी, ज्या नव्या बंधाऱ्याच्या अगदी खाली आहेत, त्या ठणठणीत. सरपंच गप्प, ग्रामसेवकही गप्प. मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले, त्यातली एक विहीर त्यांचीच. म्हणाले, "मग बंधाऱ्यातलं पाणी चाललंय कुठं?" उत्तर कुणापाशी नव्हतं. सभा तशीच संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत सात-आठ माणसं टिकाव-फावडी घेऊन बंधाऱ्याकडे निघालेली दिसली, पाया कुठून पाझरतोय ते बघायला. वही घेऊन ती मुलगीही त्यांच्या मागे होती.